प्यादे किती घरे चालते?

बुद्धिबळाच्या पटावर होणारी बहुतेक भांडणे हारजितीवरून होत नाहीत, नियमावरून होतात. हरलेला माणूस फार तर थोडा वेळ गप्प बसतो, सुपारी कातरतो आणि "मांडा पुन्हा" म्हणतो. पण समोरच्याचे प्यादे आपल्या समजुतीविरुद्ध दोन घरे पुढे गेले, की त्याच माणसाचा आवाज ओसरीपलीकडे ऐकू जातो. "हे कुठलं नवीन काढलंत?" या प्रश्नाला "नियमच आहे" एवढेच उत्तर मिळते. तो नियम कोणी केला, कधी केला आणि आपल्या घरात तो कोणत्या वाटेने आला, हे मात्र दोघांपैकी एकालाही सांगता येत नाही.

आमच्या महाबळेश्वरात हे भांडण पावसाबरोबर येते. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस झेलणारे हे गाव. जून ते सप्टेंबर धुके दारातून आत येऊन बसते आणि माणसे घरात कोंडली जातात. मग पट निघतो. शाळेत बुद्धिबळ शिकलेला नातू आणि जावळीच्या खोऱ्यात लहानाचे मोठे झालेले आजोबा समोरासमोर बसतात, आणि पहिल्याच खेळीला ठिणगी पडते.

"आबा, प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं."

"कोण म्हणतं? पायदळ हाय ते. एका टायमाला एक पाऊल!"

दुसऱ्या दिवशी हा खटला वर्गात येतो. मी इतिहास शिकवतो म्हणून न्याय करण्याचे काम माझ्याकडे, अशी मुलांची समजूत आहे. त्यांचे प्रश्न दर पावसाळ्यात तेच असतात. प्यादे किती घरे चालते? राजा आणि हत्ती एकाच खेळीत दोघे कसे हलतात? प्यादे शेवटच्या घरात गेले म्हणजे त्याचे काय होते? वजीर जिवंत असताना दुसरा वजीर घेता येतो का? शह नाही आणि हलायलाही जागा नाही, तर डाव कोणाचा? उत्तरे नियमांच्या पुस्तकात दोन ओळींत सापडतात. परंतु त्या दोन ओळींनी नातू जिंकतो आणि आबा खोटे ठरतात. वस्तुतः आबा खोटे नसतात. ते जो खेळ खेळत असतात तो वेगळा, तितकाच जुना आणि तितकाच रीतसर खेळ आहे. त्याची हकीकत सांगावी, एवढाच या लेखाचा हेतू.

हा खेळ भारतातून इराणात गेला आणि तेथून अरबांच्या हाती पडला, हे आता जगभर मानले जाते. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असे सैन्याचे चार भाग. त्या चतुरंगाचे इराणात चतरंग झाले आणि अरबांनी त्याचे शतरंज केले. जाताना आपला शब्द गेला आणि येताना त्यांचे शब्द आले. 'शह' आणि 'मात' हे शब्द आपण आता इतके घरचे करून टाकले आहेत, की ते बाहेरून आल्याचे कोणाला आठवतही नाही.

आपल्या दख्खनच्या भूमीशी या खेळाचे नाते फार जुने आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा प्रचंड संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसे करावे, काय खावे, हत्ती कसे पारखावे, मन कसे रमवावे, हे सगळे त्यात आहे. आणि मन रमविण्याच्या प्रकारांत बुद्धिबळही आहे. पुढे सतराव्या शतकात पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यात नीलकंठ भट्ट हे मोठे धर्मशास्त्री होऊन गेले. त्यांचा 'व्यवहारमयूख' हा ग्रंथ ब्रिटिश अमदानीत मुंबईच्या न्यायालयांत वारसा-वाटणीच्या दाव्यांसाठी आधार म्हणून उघडला जात असे. त्याच नीलकंठांनी 'नीतिमयूख' या आपल्या दुसऱ्या ग्रंथात बुद्धिबळाचेही नियम दिले आहेत. भावाभावांत जमीन कशी वाटावी हे सांगणाऱ्या पंडिताला पटावरची मोहरी कशी चालवावी हेही सांगावेसे वाटले, यात मला तरी विसंगती दिसत नाही. दोन्हीकडे काम एकच: भांडण होण्यापूर्वी रीत लिहून ठेवणे.

आता आबांच्या खेळाकडे वळू. त्याला आपल्याकडे देशी पद्धत म्हणत. गावोगावी त्यात थोडाथोडा फरक असे, पण ठोकळमानाने त्याची रीत अशी होती. प्यादे पहिल्या खेळीपासून एकेकच घर चालणार. कोठे कोठे ठराविक प्याद्यांना दोन घरांची मुभा असे. राजा आणि हत्ती यांनी मिळून करायचा किल्लेकोट नाही. त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, तीही तोवर त्याला शह बसलेला नसेल तरच. म्हणून चांगला खेळाडू आरंभीच एखादा शह देऊन समोरच्या राजाची उडी बुडवून टाकी. तो शह फुकट गेलासा वाटे, पण राजाचे पाय त्याने बांधलेले असत.

सगळ्यांत मोठा फरक होता तो प्याद्याच्या बढतीचा. आजच्या पद्धतीत प्यादे शेवटच्या ओळीत पोहोचले, की वजीर, हत्ती, उंट, घोडा यांपैकी काय हवे ते मागून घ्यावे. पहिला वजीर पटावर असला तरी दुसरा घेता येतो. देशी खेळात असा मोकळा हात नव्हता. प्यादे ज्याच्या घरात पोहोचेल ते मोहरे त्याने व्हायचे: हत्तीच्या घरात हत्ती, उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा; राजाच्या किंवा वजिराच्या घरात पोहोचले तर वजीर. त्यातही सर्वसाधारण अट अशी, की ते मोहरे आधी मेलेले असले पाहिजे. आपले दोन्ही हत्ती जिवंत असतील, तर हत्तीच्या रांगेतल्या प्याद्याने अलीकडच्याच घरात थांबावे आणि जागा रिकामी होण्याची वाट पाहावी. सरकारी नोकरीतल्या वाचकांना हा नियम समजावून सांगण्याची गरज पडू नये!

एका प्याद्याचे मोल आज सर्वत्र सारखेच धरतात. देशी खेळात ते कोणत्या रांगेत उभे आहे यावर ठरे. मधले प्यादे म्हणजे उद्याचा वजीर, तर उंटापुढचे प्यादे म्हणजे फार झाले तर उंट. त्यामुळे कोणते प्यादे मारू द्यायचे आणि कोणते जिवापाड राखायचे, याचा हिशेब पहिल्या खेळीपासून मांडावा लागे. शिवाय आपलेच मोहरे मरण्यात कधी कधी फायदा असे, कारण त्याच्या जागी मागून येणारे ताजे मोहरे मधोमध उभ्या असलेल्या शत्रूच्या पाठीमागे उगवे. साधने मोजकी आणि ती पुन्हा मिळण्याची वाट अरुंद. तेव्हा असलेले पुरवून वापरावे, असा तो खेळ होता. जिरायती शेतीवर घर चालविणाऱ्यांच्या खेळाला हे शोभूनच दिसते.

विजयाचेही प्रकार होते. समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा एकटा उरला, की 'बुर्ज' झाला. ती पुरती जीत मानली जात नसे. त्यामुळे जिंकत असलेल्याला शत्रूचे शेवटचे प्यादे राखून मात करावी लागे. आणि प्याद्याने दिलेली मात ही सगळ्यांत मानाची. वजिराने मात केली तर त्यात काय नवल? पायातल्या शिपायाने राजाला कोंडले तर ओसरीवरची मंडळी "वा!" म्हणत.

हे वाचून एखादा नातू म्हणेल, "म्हणजे आबांचे नियम चुकीचे, युरोपातले बरोबर." तसेही नाही. युरोपातले नियम तरी कोठे एकसारखे होते? जुन्या खेळात वजिराच्या जागचे मोहरे एकेक घर तिरके चालणारे, अगदी दुबळे होते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे ते पटभर धावू लागले, आणि तिकडे त्याला राणी म्हणत असल्यामुळे राणी सर्वांत बलवान झाली. आपल्याकडेही ते पुढे तसेच धावू लागले; मात्र आपण त्याला वजीरच म्हणत राहिलो. समोरचे प्यादे दोन घरे उडी मारून आपल्या प्याद्याशेजारून निसटले, तर त्याला एकच घर चालले असे समजून मारण्याचा हक्क आज सर्वत्र आहे. इटलीत तो १८८० सालापर्यंत मानत नसत. आणि राजाला शह नाही पण हलायला जागाही नाही, अशी कोंडी झाली तर? आज डाव बरोबरीचा. इंग्लंडात मात्र सुमारे दोनशे वर्षे अशा वेळी कोंडणाराच हरला असे धरीत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सॅरेट नावाच्या खेळाडूने पुस्तके लिहून आणि आग्रह धरून तो नियम बदलविला. तेव्हा लंडनचा आजोबा आणि लंडनचा नातू हेही एके काळी आपल्यासारखेच भांडले असणार.

दोन पद्धतींची गाठ आपल्या मुलुखात पेशवाईच्या अखेरीसच पडलेली दिसते. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी 'विलासमणिमंजरी' हा बुद्धिबळावरचा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे इंग्रजी रूप १८१४ साली मुंबईत छापले गेले. आणि विशेष म्हणजे, त्यातील डाव युरोपीय पद्धतीला जुळवून घेतले आहेत असे त्याच्या नावातच सांगितलेले होते. शनिवारवाड्यावरचा जरीपटका उतरण्यास अजून तीन-चार वर्षे अवकाश होता, आणि पटावरचे दोन कायदे एकमेकांना भेटलेसुद्धा!

दुसरी भेट कलकत्त्यास झाली. १८४८ च्या सुमारास जॉन कॉक्रेन या नामांकित इंग्रज खेळाडूला महेशचंद्र बॅनर्जी नावाचा बंगाली खेळाडू भेटला, आणि पुढे दोघांत शेकडो डाव झाले. महेशचंद्रांचा हात देशी खेळात मुरलेला. ते प्यादी एकेक घर पुढे सारीत आणि उंटाला कोपऱ्याजवळच्या तिरक्या वाटेवर बसवून दुरून मारा करीत. युरोपच्या लोकांना हे विचित्र वाटले. मग हळूहळू ते शहाणपणाचे वाटले. आज जगातल्या प्रत्येक स्पर्धेत ज्याला 'इंडियन डिफेन्स' म्हणतात, त्या घराण्याच्या नावामागे हेच डाव आहेत. नियम गेला, त्याने लावलेली सवय मात्र नाव घेऊन राहिली.

पण नियम बदलल्याची किंमत एखाद्या माणसाला कशी मोजावी लागते, हे पाहायचे असेल तर मीर सुलतानखान यांच्याकडे पाहावे. पंजाबातल्या या माणसाने घरी देशी पद्धतीचा खेळ शिकला होता. सर उमर हयातखान या जमीनदाराच्या पदरी तो होता, आणि त्यांच्याबरोबर १९२९ साली तो इंग्लंडात गेला.  प्यादे दोन घरे जाते, राजा किल्लेकोट करतो, कोणतेही प्यादे वजीर होते, हे सारे त्याला वाढत्या वयात नव्याने अंगी बाणवावे लागले. डावाच्या आरंभी तो हमखास मागे पडे, कारण आरंभाच्या खेळ्या तिकडे लोक पाठ करून येत. पण डाव मध्यावर आला, की पुस्तक संपे आणि माणूस उरे. त्याच वर्षी तो ब्रिटनचा विजेता झाला. पुन्हा १९३२ आणि १९३३ सालीही. हेस्टिंग्ज येथील १९३०–३१ च्या स्पर्धेत त्याने जगज्जेतेपद भूषविलेल्या कापाब्लांकाला हरविले. १९३३ नंतर तो मालकाबरोबर परत आला आणि मोठ्या स्पर्धांतून दिसेनासा झाला. १९६६ साली त्याचे निधन झाले. जागतिक संघटनेने त्याला ग्रँडमास्टर हा मानाचा किताब दिला तो २०२४ साली, मृत्यूनंतर अठ्ठावन्न वर्षांनी. हा देशी खेळाचाच मान होता असे मी म्हटले, तर आबा मान डोलावतील.

मग देशी पद्धत गेली कशी? कोणी बंदी घातली नाही. १९२४ साली पॅरिसमध्ये जागतिक बुद्धिबळ संघटना स्थापन झाली, १९५१ साली अखिल भारतीय संघटना निघाली, आणि १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तिचे विजेतेपद आपल्या रामचंद्र सप्रे यांनी वेंकय्या यांच्याबरोबर विभागून मिळविले. जगाशी खेळायचे तर जगाच्या नियमांनी खेळले पाहिजे, हे उघड होते. ज्या देशात दर पन्नास कोसांवर राजाची उडी बदलते, त्या देशाला आधी आपसांतच एक नियम हवा होता. साधारण १९६० नंतरच्या दशकात देशी खेळ गावातल्या पारावर आणि म्हाताऱ्यांच्या ओसरीवर उरला.

या बदलात आमच्या शेजारच्या सांगलीने मोठे काम केले. भाऊसाहेब पडसलगीकर यांनी १९४१ साली तेथे नूतन बुद्धिबळ मंडळ काढले. लहान मुलांना जवळ बसवून शिकवावे, उन्हाळ्याच्या सुटीत स्पर्धा भरवाव्या, बाहेरगावच्या खेळाडूंना बोलवावे, असा त्यांचा नेम वर्षानुवर्षे चालला. महिला ग्रँडमास्टर झालेल्या स्वाती घाटे या सांगलीच्याच. नियम छापून आणणे सोपे असते. ते मुलांच्या बोटांत उतरविणे कठीण, आणि त्यासाठी गावात असा एखादा माणूस जन्मभर बसून राहावा लागतो.

सांगलीत जन्मलेले नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांची पणती रोहिणी हिने तर नियमालाच प्रश्न विचारला. तिची बहीण वासंती १९७४ साली पहिली राष्ट्रीय महिला विजेती ठरली होती. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळावयास उतरली, तेव्हा मोठा गहजब झाला. मोहरी तीच, पट तोच, चौसष्ट घरे तीच. मग मुलीला मज्जाव कोणत्या कलमाने? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला, की स्पर्धेतून स्त्रियांना वगळता येणार नाही. त्यानंतर एकोणपन्नास वर्षांनी, जुलै २०२५ मध्ये, नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख महिलांचा विश्वचषक जिंकून आली. 'नियमच आहे' हे उत्तर मुकाट्याने ऐकून घेणारी मुलगी असती, तर पुढच्या मुलींची वाट तितकी सोपी झाली नसती.

वर्गातला एक प्रश्न मात्र नियमांच्या पुस्तकात सापडत नाही. "सर, दोन्हीकडे सोळा-सोळाच मोहरी का?" याचे उत्तर द्यायला मी मुलांना खिडकीतून पश्चिमेकडे बोट दाखवतो. त्या डोंगरांमागे प्रतापगड आहे. १६५९ च्या नोव्हेंबरात तेथे जो डाव झाला, त्यात दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. खानाकडे फौज, तोफा, हत्ती, उंट सगळे अधिक होते. शिवाजी महाराजांकडे होते ते जावळीचे रान, अरुंद वाटा आणि ती रानवाट पायाखाली घातलेली माणसे. सपाट मैदानावर खानाची मोहरी भारी पडली असती. म्हणून त्यांनी आधी पटच बदलला. इतिहासात साधने सारखी वाटून मिळत नाहीत आणि समोरचा नियम पाळीलच असे नसते. पट ही अशी जागा आहे, जेथे मालक आणि नोकर, आजोबा आणि नातू, तेरा वर्षांची मुलगी आणि राज्याचा विजेता, सगळे सोळा मोहऱ्यांनिशी बसतात. ही बरोबरी माणसांनी ठरवून आणलेली आहे. म्हणून तर नियमावरून एवढे भांडण होते. नियम ढळला, की ती बरोबरी ढळते.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाची ताटे उचलली गेल्यावर पट निघेल. त्या वेळी एवढे करा. पहिले प्यादे हलविण्याआधी पाच गोष्टी तोंडाने बोलून ठरवा: प्यादे एक घर की दोन, किल्लेकोट की अडीच घरांची उडी, बढती मागेल ती की घरात असेल ती, राजा एकटा उरला तर काय, आणि हात लावलेले मोहरे चालवायचेच की नाही. एक डाव नातवाच्या नियमांनी खेळा. तो त्याला लागणारच आहे. त्याच्यापुढे सांगली आहे, नागपूर आहे, जग आहे. दुसरा डाव मात्र आबांच्या नियमांनी मांडा, आणि त्या डावात नातवाला विचारू द्या, की हे असे का. आबांना हा खेळ कोणी शिकविला, कोणत्या ओसरीवर, कोणाच्या प्याद्याने कोणाला मात झाली, हे सगळे त्या उत्तरात बाहेर येईल. ते कोठल्याही पुस्तकात छापलेले नाही आणि ज्यांना ठाऊक आहे ती माणसे आता ऐंशीच्या पुढे गेली आहेत.